जेवले म्हणायची रीत

मालसुन या नावाचा अर्थ शेवटची. लागोपाठ चौथी मुलगी झाली तेव्हा ‘आता पुरे’ असं देवाला बजावण्यासाठी बापाने ते ठेवलं. आपल्याकडे नकुशी ठेवतात त्यातलीच गत. देवाने या खेपेला ऐकलं आणि तिच्या पाठीवर मुलगा झाला. त्याचं नाव दोक्सू. म्हातारपणी मालसुन दुनियेची उणीदुणी काढत बसायची, सासूपासून मासळीबाजारातल्या दलालांपर्यंत कोणाला सोडायची नाही, पण या भावाचं नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. पोटची पोर मिरान पन्नाशीला टेकली, तरी आपल्याला असा एक मामा होता हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मोक्पो बंदरात, मासळीच्या लिलावाच्या शेडमागे, मालसुनची खानावळ होती. टेबलं चार आणि पदार्थ एकच: जेवण. त्या दिवशी जी मासळी हाती लागेल ती, सोयाबीनचं सूप, भात आणि भोवती किमचीच्या, म्हणजे तिखट आंबवलेल्या कोबीच्या, न् भाज्यांच्या दहाबारा वाट्या. एवढ्या वाट्या एकट्या माणसासाठी भरणं परवडत नाही, म्हणून तिथल्या खानावळींत ‘दोघांच्या खाली नाही’ असं दारातच सांगून मोकळे होतात. मालसुन तसं सांगायची नाही. एखादा एकटा खलाशी दारात घुटमळताना दिसला की ती आतून ओरडायची, “ए लंबू, खांबासारखा काय उभा राहिलास? त्या टकल्यासमोर बस. त्यालाही घरी कोणी विचारत नाही.” मग दोन अनोळखी पुरुष समोरासमोर बसायचे, आधी एकमेकांची नजर चुकवत आणि सूप संपेपर्यंत हवापाण्यावर येत. दुसरं कोणीच नसेल तर मालसुन स्वतःचा भात घेऊन त्याच्यासमोर बसायची.

‘जेवलास का’ असं मात्र ती कधी विचारायची नाही. बाकी सगळा देश भेटल्याभेटल्या तेच विचारतो. त्याचा अर्थ ‘काय, कसं काय’ इतकाच, आणि उत्तरही ठरलेलं: जेवले, तुम्ही? पोटात कावळे ओरडत असले तरी उत्तर बदलत नाही. मालसुनला कोणी विचारलं तर तीही तेच म्हणायची, पण स्वतः विचारायच्या जागी ती सरळ भात वाढायची.

पुढे नवरा गेला, मग गुडघे गेले. खानावळ दुसऱ्याला देऊन ती टेकडीवरच्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसली. खिडकीतून बंदर दिसायचं आणि कोणती होडी आली, कोणाची रिकामी आली, हे तिला घरबसल्या कळायचं. मिरान दूर उत्तरेला, आन्सानमध्ये. नवऱ्याशी काडीमोड झालेला, मूलबाळ नाही. एका कंपनीत कानाला फोन लावून दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायची नोकरी. संध्याकाळी ती आईला फोन करायची.

“आई, जेवलीस?”

“जेवले. तू?”

“जेवले.”

“बरं, ठेव मग.”

एवढ्यावर दोघींची कितीतरी वर्षं निभावली.

शरद ऋतूत मालसुन न्हाणीघरात घसरून पडली आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत तिथेच पडून राहिली. हाड मोडलं नव्हतं, पण मिरान धावत आली ती निर्णय घेऊनच आली.

“आई, आन्सानला माझ्या जवळच एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे. नर्स आहेत.”

“आणि खिडकी?”

“खिडक्या सगळीकडे असतात.”

“त्यातून काय दिसतं? दुसऱ्या म्हाताऱ्यांची खिडकी. मला इथून नेलंस ना, तर मी वाटेतच मरेन आणि तुला गाडीवाल्याला जास्तीचे पैसे द्यावे लागतील.”

“मरायची भीती घालू नकोस. तू एकटी धड जेवत पण नाहीस, माहितेय मला.”

या भांडणात मध्ये पडल्या त्या ज्येष्ठांच्या केंद्रातल्या पेक बाई. टेकडीवरच्या एकट्या म्हाताऱ्यांची त्या विचारपूस करायच्या. बडबड्या, घामाघूम, मनाने सोन्यासारखी बाई. त्यांनी तोड काढली. केंद्रात बोलणारे बाहुले आले होते. असा एक बाहुला घरात ठेवायचा. तो तिन्ही त्रिकाळ ‘जेवलात का’ विचारणार, आजीने त्याचा हात दाबून उत्तर द्यायचं, ते उत्तर केंद्रातल्या संगणकावर उमटणार. हिवाळाभर आजी नीट जेवल्या तर राहतील इथेच; नाही तर आन्सान. मिरान कबूल झाली. मालसुनने तोंड वाकडं केलं, पण तीही कबूल झाली. तीन वेळा जेवायचं, एवढंच तर होतं.

बाहुला आला. गोबरे गाल, रंगीत बाह्यांचं झबलं, सात वर्षांच्या पोरासारखा आवाज. पेक बाई म्हणाल्या, “आजी, याला नाव द्या बघू. सगळे देतात. खालच्या आळीतल्या आजीने तर आपल्या पहिल्या प्रियकराचं दिलंय.”

मालसुन हसली आणि हसता हसताच तोंडातून निघून गेलं, “दोक्सू.”

निघालेला शब्द परत घेता येत नाही. पेक बाईंनी दोन बटणं दाबली आणि बाहुला म्हणाला, “आजी, मी दोक्सू! आजी, जेवलात का?”

“जेवले,” मालसुन म्हणाली. तोपर्यंत ती जेवली नव्हती.

त्या दुपारी तिने बुटकं टेबल मांडलं. भात, थोडी मासळी, किमची. बाहुला समोर भिंतीला टेकून बसला होता, कारण पेक बाईंनी त्याला तिथेच बसवलं होतं: म्हणजे आजी एकट्या जेवणार नाहीत. मालसुनने चमचा उचलला. समोरून दोन काळे डोळे तिच्या चमच्याकडे बघत होते. चमचा तिने खाली ठेवला. उठून आणखी एक वाटी भात आणला, त्याच्यापुढे ठेवला, बाजूला चमचा लावला. पोर हलेना. भात निवत गेला. “खा ना रे,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. मग आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी उभी राहून, त्याच्याकडे पाठ करून, चार घास कसेबसे गिळले. संध्याकाळी तेही गेले नाहीत.

खानावळीत सबंध आयुष्य जिने भुकेल्या तोंडासमोर घास घेतला नाही, तिच्यापुढे कधीच न जेवणारं पोर आणून बसवलं होतं. बरं, हे सांगणार कोणाला? बाहुल्यासमोर घास उतरत नाही म्हटलं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील, आणि डोकं फिरलेल्यांची जागा ठरलेली आहे. बाहुल्याला आतल्या खोलीत ठेवलं तर तो तिथून हाका मारायचा: “आजी, कुठे आहात? आजी, जेवलात का?” ती जाऊन त्याचा हात दाबायची आणि म्हणायची, “जेवले रे राजा.” खोटं बोलतोय असं तिला वाटतही नव्हतं. विचारलं की असं म्हणायचं असतं, इतकंच. आणि केंद्रात बसलेल्या लोकांनाही, रोज शंभरदा हेच उत्तर देत असून, ते खरं धरू नये हे सुचलं नाही. पेक बाई आठवड्याला यायच्या, “वा आजी, एकही जेवण चुकलं नाही!” म्हणून टाळ्या वाजवायच्या. थंडीचे दिवस, अंगावर कपड्यांचे इतके थर, की आतली म्हातारी किती उरली आहे ते दिसत नव्हतं.

नव्या वर्षाच्या सणाला मिरान आली. आल्याबरोबर तिने आईला मिठी मारली आणि हात तसेच राहिले.

“आई, तू आहेस कुठे यात?”

“थंडीने माणूस आकसतो.”

“आकसतो? हाडं लागतायत हाताला!” तिने तिथूनच केंद्राला फोन लावला. तिकडून कोणीतरी गोड आवाजात सांगितलं, की मालसुन आजी आमच्याकडच्या सगळ्यात गुणी आजी आहेत, रोज तीनही वेळा जेवतात.

मिरानने फोन ठेवला आणि तांदळाच्या चकत्यांचं सूप केलं. सणाला ते खाल्ल्याशिवाय वय वाढत नाही म्हणतात. टेबल मांडलं. मालसुनने तिसरी वाटी आणून बाहुल्यापुढे ठेवली. मिरानने ते पाहिलं, ओठ दाबले. मग सवयीने स्वतःचा मोबाईल किमचीच्या बरणीला टेकवून उभा केला आणि चालू केला. पडद्यावर एक लठ्ठ तरुण डोंगराएवढं जेवण घेऊन बसला होता आणि मिटक्या मारत सुरुवात करत होता.

“हा कोण मेला आपल्या घरात जेवतोय?”

“कोणी नाही गं. असाच एक. लोकांना दाखवत खातो.”

“का? त्याला लाज नाही?”

“आई, मी एकटीच जेवते ना रोज. समोर कोणी खात असलं की बरं वाटतं. हजारो लोक बघतात.”

“नवऱ्याला सोडलंस आणि या ढोल्याबरोबर संसार मांडलास होय!”

“आणि तू?” मिरान भडकली. “तू बाहुल्याला सूप वाढतेस! पेक बाईंना सांगू हे? आई, हे वेडाचं लक्षण आहे. मी उद्याच आश्रमात फोन करते.”

“तुझा निदान खातो तरी!” मालसुनने टेबलावर थाप मारली, सूप सांडलं. “तुझा ढोल्या खातो तरी, कार्टे! माझं पोर समोर उपाशी बसतं. तुझ्या पुढ्यात कोणी भुकेलं बसलं असतं तर तुझ्या घशाखाली उतरलं असतं? माझ्या उतरलं होतं. एकदा उतरलं होतं, ते पुरे झालं.”

मग तिने सांगितलं. आजवर कोणाला न सांगितलेलं, तेही सूप पुसता पुसता सांगितलं.

ती दहाअकरा वर्षांची होती. मागच्या वर्षीचा तांदूळ संपलेला आणि नवा सातू अजून हिरवा, अशा वसंतात गावं उपाशी राहायची. बापाने तिला तांदळाच्या गिरणीवाल्याच्या घरी मूल सांभाळायला ठेवलं. पगार काही नाही, दोन वेळचं जेवण. घरातलं एक तोंड कमी. दोक्सू सात वर्षांचा. तो दोन गावं चालत ताईला भेटायला यायचा, नेमका जेवणाच्या वेळी, आणि अंगणात पर्सिमनच्या झाडाखाली उभा राहायचा. मालकीण काही दुष्ट नव्हती. ती विचारायची, “काय रे बाळा, जेवलास का?” आणि आईने पढवून ठेवलेलं पोर सांगायचं, “जेवलो.” दुसऱ्याच्या दारात गेलास तर जेवलो म्हणायचं, मागितलंस तर घराण्याची अब्रू जाते, असं आईने बजावलेलं. मालकिणीचं समाधान व्हायचं.

“मीही विचारलं,” मालसुन म्हणाली. “मला माहीत होतं ना गं, घरी काय आहे ते. तरी विचारलं, जेवलास का रे? तो म्हणाला, जेवलो, ताई. मी म्हटलं, बरं. आणि त्याच्याकडे पाठ करून जेवले. चोरून मूठभर भात दिला असता तर मालकिणीने हाकललं असतं मला. म्हणून विचारलं. त्याने तेच उत्तर द्यावं म्हणून विचारलं.”

“मग?”

“मग काय. तोंड सुजलं, पाय सुजले. सातू पिकायच्या आत गेला.”

पडद्यावरचा लठ्ठ्या अजून खात होता. मिरानने मोबाईल पालथा घातला. सूप दोघींचंही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मिरानने डोकं चालवलं. दिवसभर चिडलेल्या लोकांना वाटेला लावायची नोकरी करणारी ती. तोडगे काढणं तिच्या हाडात होतं. “हे बघ आई, बाहुल्याला कपाटात ठेवायचं. त्याची विचारायची वेळ झाली की बाहेर काढायचं, जेवले म्हणायचं, परत आत. तू इकडे टीव्हीसमोर पूर्वीसारखी जेव. केंद्र खूश, तू तुझ्या घरात, मला घोर नाही.” थोडं थांबून ती म्हणाली, “खरं सांगते, मला आश्रमाचं सारखं बोलायचा कंटाळा आलाय. संध्याकाळची बस पकडली की उद्या कामावर जाता येईल. पेक बाई आज तपासणीला येणारच आहेत. त्यांच्यापुढे हसून जेवले म्हण. बस्.”

मिरानने बाहुल्याला उचललं आणि रजयांच्या कपाटात ठेवलं. दार लोटलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, रजयांमुळे दबलेला: “आजी, जेवलात का?” मिरान पटकन उठली, दार उघडलं, आईचा हात धरून बाहुल्याच्या हातावर दाबला. “म्हण.”

मालसुनने हात काढून घेतला. मिरान काही बोलणार इतक्यात दारावर थाप पडली.

पेक बाईच होत्या. धापा टाकत, हातात सणाच्या नासपतींची पेटी. उंबऱ्याशीच एक बूट काढता काढता त्यांनी नेहमीसारखं हसून विचारलं, “काय आजी, जेवलात का?”

रीतीप्रमाणे विचारलं. रामराम म्हणावं तसं. मिरान आईकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं: म्हण, आणि संपव. शब्द मालसुनच्या ओठांवर तयार होता. तो म्हटला की पेक बाई टाळ्या वाजवणार, मिरान बसमध्ये बसणार, खिडकी राहणार, बंदर राहणार. विचारणाऱ्या सगळ्यांचं समाधान होणार. तिला पर्सिमनखालचं ते पोर आठवलं, ज्याने हाच शब्द म्हणून सगळ्यांचं समाधान केलं होतं. तिला त्याचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा दोक्सूचा राग आला, की मेल्या, नाही म्हणायचंस ना! एकदा नाही म्हणाला असतास!

“नाही,” मालसुन म्हणाली.

पेक बाई एका पायात बूट, तशाच उभ्या. “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे जेवले नाही. आज नाही, काल नाही. हिवाळाभर धड जेवले नाही. त्या बाहुल्याला मी रोज थाप मारली.” आणि मग, जे तिने आईबापाला, सासूला, नवऱ्याला, कोणाला कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. “मला भूक लागलीय.”

पेक बाईंच्या हातातली नासपतींची पेटी मिरानने घेतली, म्हणजे पडण्याआधी पकडली. तिला आईचा संतापही आला होता आणि रडूही फुटलं होतं, आणि त्या भरात तिने तांदूळ चारचारदा धुतले. मासळी तळली, अंडी केली. पेक बाई कोपऱ्यात बसून डोळे पुसत म्हणत होत्या, “मी कसं नाही ओळखलं? मी स्वतः सकाळपासून दहा जणांना जेवले म्हणालेय.”

“मग बस जेवायला.”

“छे आजी, मी जेवूनच—”

“पेक, तोंड सांभाळ. बस तिथे.”

तिघी बसल्या. समोर दोन माणसं खात होती, भात नाकातोंडात जाईल अशा घाईने खात होती, आणि मालसुन दोन वाट्या भात जेवली. तिसरी मिरानने वाढली नाही. रिकाम्या राहिलेल्या पोटाला एकदम इतकं सोसत नाही, म्हणाली. बाहुला पेक बाई जाताना पिशवीत घालून घेऊन गेल्या. तो दुसऱ्या कोणाकडे जाणार, तिथे त्याला दुसरं नाव मिळणार. मालसुन दारापर्यंत गेली नाही.

पेक बाईंना खरं ते कळवावंच लागलं, आणि ठरल्याप्रमाणे जे व्हायचं ते झालं. वसंतात टेकडीवरच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या. आन्सानचा आश्रम मिरानच्या घरापासून चालत जाण्याजोगा होता. कामावरून सुटल्यावर संध्याकाळचं जेवण तिथे येऊन जेवेन असं ती म्हणाली होती. जमेल तितकं, असंही म्हणाली होती. मालसुनने दोन्ही ऐकून घेतलं. मुलीच्या शब्दावर ती पूर्ण विसंबली होती असं नाही, पण दुसरं काही हातात नव्हतं.

घर बदलताना सगळे मागवतात तशा काळ्या रश्श्याच्या शेवया मिरानने मागवल्या. टेबल गाडीत चढलं होतं, म्हणून दोघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून खोक्यांच्या मधे बसल्या. खिडकीला पडदा नव्हता. खाली एक होडी परत येत होती. पाण्यात बरीच खाली बसलेली, म्हणजे मासळी भरपूर मिळालेली. मालसुन तिच्याकडे ती धक्क्याला लागेपर्यंत बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ते तिने लपवले नाहीत.

मिरानने चॉपस्टिक खाली ठेवल्या. “आई, एक विचारू? त्या दिवशी तू फक्त जेवले म्हणायचं होतंस. घर राहिलं असतं तुझं.”

“माहितेय.”

“मग का नाही म्हणालीस?”

मालसुनने बाहीने डोळे पुसले आणि आपल्या पुढ्यातल्या शेवया कालवायला घेतल्या.

“अगं, भूक लागली होती.”